ओटीपोटाचं जुनं दुखणं आणि दिवस न राहणं: दोन्हींचा विचार एकत्र कसा करायचा

ओटीपोटात वर्षानुवर्षं दुखतंय आणि लग्नाला चार-पाच वर्षं होऊनही दिवस राहत नाहीत, अशा बाईकडे बहुतेक वेळा दोन फायली असतात. एकीत जवळच्या दवाखान्यातल्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, अँटिबायोटिकचे अर्धवट कोर्स आणि ‘पिशवीला सूज’ असा शेरा. दुसरीत वंध्यत्व केंद्रातले फॉलिकल स्टडीचे (बीज वाढतंय का ते बघणाऱ्या सोनोग्राफीचे) कागद, हार्मोनचे रिपोर्ट, दोन-तीन आययूआयच्या (वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याच्या उपचाराच्या) नोंदी. पहिल्या डॉक्टरांनी मूल हवंय का, हे विचारलेलं नसतं आणि दुसऱ्यांनी दुखतं कुठे, हे विचारलेलं नसतं. या दोन तक्रारींचं मूळ अनेकदा एकच असतं. ते मूळ सापडण्याआधी, आणि मूल कधी हवं हे डॉक्टरांसमोर स्पष्ट बोलण्याआधी, कुठल्याही ऑपरेशनला किंवा महिनोन्महिने चालणाऱ्या हार्मोनला हो म्हणू नका, असं मला कळकळीनं सांगायचं आहे. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते. ओटीपोट दुखणाऱ्या प्रत्येक बाईला मूल व्हायला अडचण येते असं नाही. दुखणं किती जोराचं आहे, यावरूनही मूल होईल की नाही ते ठरत नाही. असह्य कळा येणाऱ्या बाईच्या नळ्या (बीजकोशाकडून गर्भाशयाकडे बीज नेणाऱ्या) ठणठणीत असू शकतात आणि अधूनमधून थोडं ओढल्यासारखं होणाऱ्या बाईच्या दोन्ही नळ्या बंद निघू शकतात. म्हणून घाबरून जाऊ नका आणि अंगावरही काढू नका.

कधी लगेच दवाखाना गाठायचा

बेंबीच्या खाली, ओटीपोटात किंवा कमरेत, सहा महिन्यांहून जास्त काळ सतत किंवा पुन्हा पुन्हा होणाऱ्या दुखण्याला जुनं दुखणं म्हणतात. त्याचा शोध सावकाश घेता येतो. पण पाळी चुकली आहे आणि एका बाजूला कळ येतेय, चक्कर येतेय किंवा खांद्यात दुखतंय, तर गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. तेव्हा रात्र असली तरी निघायचं. अचानक उठलेली, उलटी आणणारी कळ, ताप आणि दुर्गंधीयुक्त स्राव यांच्याबरोबरचं दुखणं, किंवा तासाला एक पॅड भिजेल इतका रक्तस्राव, यातलं काहीही झालं तरी तेच. घरी गोळी घेऊन वाट बघू नये.

तीन महिने वही लिहा

डॉक्टरांकडे मिळणारी दहा मिनिटं ‘दुखतं हो नेहमीच’ या वाक्यात संपतात. त्याऐवजी हातात वही असेल तर अर्धं निदान तिथेच सुरू होतं. दोनशे पानी वहीची दोन पानं एका महिन्याला पुरतात. नोंद अशी असावी:

‘१४ तारीख. पाळीचा दुसरा दिवस. सकाळी ९. ओटीपोटात मधोमध आणि मागे माकडहाडापर्यंत. १० पैकी ८. शौचाला बसल्यावर सुरीसारखी कळ. एक गोळी घेतली, दीड तासानं ५ वर आलं. कामावर गेले नाही.’

तारीख, पाळीचा कितवा दिवस, जागा, दहापैकी किती, कशानं वाढलं, कशानं कमी झालं, कोणती गोळी किती घेतली. एवढं पुरे. त्याशिवाय तीन गोष्टी लिहायला बाया लाजतात, आणि नेमक्या त्याच सर्वात उपयोगी असतात: संबंधाच्या वेळी खोलवर दुखतं का, शौचाला किंवा लघवीला त्रास फक्त पाळीत होतो की एरवीही, आणि अंगावरून काय जातं, त्याचा रंग आणि वास.

वहीतून ढोबळ नमुने दिसू लागतात. पाळीच्या एक-दोन दिवस आधी सुरू होऊन पाळी संपल्यावरही रेंगाळणारं, वर्षागणिक वाढत गेलेलं दुखणं एंडोमेट्रिओसिसकडे किंवा अॅडेनोमायोसिसकडे बोट दाखवतं (हे आजार काय आहेत, ते पुढे सांगते). पाळीशी काही संबंध नसलेलं, शौचाला झाल्यावर हलकं वाटणारं, पोट फुगवणारं दुखणं आतड्याचं असू शकतं. लघवी साठली की वाढणारं आणि लघवी केल्यावर उतरणारं दुखणं मूत्राशयाचं.

घरी करून बघण्यासारखी एक सोपी खूणही आहे. पाठीवर झोपा, दुखणाऱ्या जागेवर बोट दाबून ठेवा आणि पाय न हलवता डोकं व खांदे उचला. दुखणं वाढलं तर ते पोटाच्या भिंतीतल्या स्नायूत किंवा नसेत असण्याची शक्यता जास्त. सिझरच्या व्रणाजवळ हे बऱ्याचदा आढळतं. व्रणात गाठ लागत असेल आणि ती पाळीच्या दिवसांत फुगून दुखत असेल, तर ते आवर्जून सांगा, कारण तिथेही एंडोमेट्रिओसिस असू शकतो.

मुळाशी काय असू शकतं

*एंडोमेट्रिओसिस.* गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढतात: बीजकोशावर, नळ्यांमागे, गर्भाशय आणि गुदाशय यांच्यामधल्या जागेत, आतड्यावर. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के स्त्रिया आणि मुलींना, म्हणजे जगभरात १९ कोटी जणींना, हा आजार आहे. दर पाळीला तिथे सूज येते, नंतर व्रण तयार होतात आणि अवयव एकमेकांना चिकटतात. बीजकोशात जुनं रक्त साठून जी गाठ होते तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात.

मूल राहायला अडचण कशी येते? चिकटल्यामुळे नळीला बीज उचलून घेता येत नाही. सुजेमुळे बीज, शुक्राणू आणि गर्भाची रुजवण या तिन्हींवर परिणाम होतो. सिस्टमुळे बीजांचा साठा घटतो. आणि संबंधच दुखत असतील तर प्रयत्नच कमी होतात, हे साधं कारण कुणी विचारातच घेत नाही. निरोगी तरुण जोडप्यात एका महिन्यात दिवस राहण्याची शक्यता साधारण १५ ते २० टक्के असते. उपचार न घेतलेल्या एंडोमेट्रिओसिसमध्ये ती २ ते १० टक्क्यांवर येते. शून्यावर येत नाही, हे लक्षात ठेवा. या आजाराच्या कितीतरी जणींना आपसूक दिवस राहतात.

‘लग्न झालं की थांबेल’, ‘एक मूल झालं की थांबेल’ हे सल्ले आपल्याकडे आईपासून डॉक्टरांपर्यंत सगळे देतात. गरोदरपण हा या आजारावरचा उपचार नाही. एश्रे या युरोपीय प्रजननवैद्यक संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शिकेत तर या आजारावरचा उपचार म्हणून गरोदर राहायचा सल्ला देऊ नये, असं स्पष्ट म्हटलं आहे. सोळा वर्षांची मुलगी दर महिन्याला दोन दिवस शाळा बुडवत असेल, तर तिचं दुखणं लग्नापर्यंत लांबवायचं नाही.

*नळ्यांचा जंतुसंसर्ग.* क्लॅमिडिया, गोनोरिया आणि इतर जंतू योनिमार्गातून वर चढतात आणि नळ्यांना सूज आणतात. क्लॅमिडियात पुष्कळदा काही लक्षणच दिसत नाही. सूज उतरली तरी नळीच्या आतली नाजूक केसाळ त्वचा खराब होते, टोकं बंद होतात, कधी नळी पाण्यानं फुगते. स्वीडनमध्ये वेस्ट्रॉम यांनी अशा स्त्रियांची अनेक वर्षं नोंद ठेवली आणि १९९२ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. संसर्ग एकदा झालेल्यांत नळ्यांमुळे वंध्यत्व सुमारे ८ टक्के, दोनदा झालेल्यांत जवळजवळ २० टक्के, तीन किंवा जास्त वेळा झालेल्यांत ४० टक्के. म्हणून दुसऱ्यांदा संसर्ग होऊ न देणं सगळ्यात महत्त्वाचं.

आपल्याकडे नेमकं तिथेच चुकतं. औषधं १४ दिवसांची असतात, चौथ्या दिवशी बरं वाटलं की सोडली जातात. आणि नवऱ्याला औषध दिलंच जात नाही. त्याला काही त्रास नसतो, तो येत नाही, आणि बाईला महिन्याभरात पुन्हा तोच संसर्ग. दोघांनी एकदम औषध घ्यायचं आणि कोर्स संपेपर्यंत संबंध टाळायचे. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये (लैंगिक आजारांच्या दवाखान्यात) ही औषधं मोफत मिळतात. ओटीपोटाच्या संसर्गासाठीचं किट पिवळ्या रंगाचं असतं.

पहिलं मूल आहे पण दुसरं राहत नाही, अशा वेळी मधल्या काळात गर्भपात किंवा क्युरेटिंग झालं होतं का, त्यानंतर ताप आला होता का, हे आठवून सांगा. कॉपर-टीवर मात्र उगाच खापर फोडलं जातं. तिच्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो तो मुख्यतः बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत.

*जननमार्गाचा टीबी.* परदेशी लेखांत याला एखादी ओळ मिळते, पण भारतात तो विसरून चालत नाही. फुप्फुसातला टीबी रक्तातून नळ्यांपर्यंत पोहोचतो. या आजारात नळ्या जवळजवळ नेहमीच बाधित होतात आणि गर्भाशयाचं अस्तर निम्म्याहून जास्त जणींत. खोकला नसतो, ताप असेलच असं नाही. दिवस न राहणं, मंद दुखणं आणि पाळी कमी कमी होत जाणं, एवढंच असू शकतं. तुम्हाला किंवा घरात कुणाला पूर्वी टीबी झाला असेल तर विचारण्याची वाट न बघता सांगा. बारा वर्षांपूर्वी दिराला झाला होता, हेही सांगण्यासारखं आहे.

*बाकीचं थोडक्यात.* अॅडेनोमायोसिसमध्ये अस्तर गर्भाशयाच्या स्नायूतच शिरतं, पाळी जड जाते आणि रुजवणीला अडथळा येऊ शकतो. फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) पोकळीत घुसलेला असेल तर मूल राहण्यात अडचण करतो, बाहेरच्या बाजूला असेल तर सहसा नाही. अपेंडिक्स फुटून झालेल्या किंवा पूर्वीच्या इतर ऑपरेशनमुळे चिकटलेल्या जागा नळ्यांना ओढू शकतात. आतड्याचा संवेदनशीलपणा, मूत्राशयाचं दुखणं आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा ताठरपणा यांनी नळ्या किंवा बीज बिघडत नाही, पण दुखणं मात्र खरं असतं. एकाच बाईला यातली दोन-तीन कारणं एकत्र असणं अगदी नेहमीचं आहे.

डॉक्टरांसमोर

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष मांडले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, सरासरी एकीला ३.६ आजार. आणि त्याआधी कधीही आतून तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या जेमतेम ८ टक्के. आज दवाखाने वाढलेत, सोनोग्राफी तालुक्याला आहे, पण हातानं नीट तपासणी न होता थेट सोनोग्राफीची चिठ्ठी मिळणं अजूनही थांबलेलं नाही.

तर, आतून तपासणीचा आग्रह धरा. गर्भाशयामागच्या भागात हाताला लागणाऱ्या गाठी, हलवलं की दुखणारं गर्भाशयाचं तोंड, ताठ स्नायू या गोष्टी साध्या सोनोग्राफीत निसटतात. तपासताना स्त्री परिचारिका हजर असावी असं सांगायचा तुम्हाला हक्क आहे. दुखलं तर ‘थांबा’ म्हणायचाही. अविवाहित मुलीची योनिमार्गातून तपासणी टाळली जाते, तिच्यासाठी पोटावरून सोनोग्राफी आणि गरज पडल्यास एमआरआय हा मार्ग आहे. लग्न झालेलं नाही म्हणून निदान लांबवायचं कारण नाही.

सासूबाई किंवा नवरा बरोबर असतील तर पाच मिनिटं एकटीला बोलू द्या, असं आधीच सांगा. पूर्वीचा गर्भपात, संबंधातलं दुखणं, जबरदस्ती, यातलं काही चार माणसांत निघत नाही.

मग ही तीन वाक्यं बोला: ‘मला इतक्या वर्षांपासून असं दुखतं.’ ‘आम्ही इतक्या महिन्यांपासून मुलासाठी प्रयत्न करतोय’, किंवा ‘दोन वर्षांनी मूल हवं आहे.’ ‘दोन्हींचा एकत्र विचार करून सांगा.’ वय ३५ च्या आत असेल तर एक वर्ष प्रयत्न करून मग तपासण्या, ३५ नंतर सहा महिने, असा सर्वसाधारण नियम आहे. पण एंडोमेट्रिओसिस, टीबी किंवा नळ्यांच्या संसर्गाची शंका असेल तर हा नियम विसरा आणि लगेच सुरुवात करा.

तपासण्या कोणत्या क्रमानं

सगळ्यात आधी नवऱ्याची वीर्यतपासणी. दोन ते सात दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा, बस. ना सुई, ना भूल. ती न करता बाईच्या नळ्यांचा एक्स-रे काढायचा, पोटात दुर्बीण घालायची (लॅपरोस्कोपी), हा मला सरळसरळ अन्याय वाटतो. आणि हे रोज घडतं. नवरा तयार नसेल तर डॉक्टरांना सांगायला लावा, कारण घरच्या भांडणापेक्षा चिठ्ठीवर लिहिलेलं जास्त चालतं.

नंतर योनिमार्गातून सोनोग्राफी. अर्जात ‘ओटीपोटात जुनं दुखणं, एंडोमेट्रिओसिसची शंका’ असं लिहून घ्या. काय शोधायचं हे माहीत असलेला रेडिओलॉजिस्ट बीजकोश सरकतात की चिकटलेत, मागची जागा मोकळी आहे का, हे बघतो. रिपोर्टमधल्या ‘बल्की युटेरस’ या शब्दांनी घाबरू नका. गर्भाशय जरा मोठं दिसतंय, एवढाच त्याचा अर्थ. बाळंतपण झालेल्या कितीतरी बायांचं तसं दिसतं. त्यावरून संसर्ग ठरत नाही आणि अँटिबायोटिकही नाही. उलट रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही असंही नाही. लहान, पसरट ठिपके सोनोग्राफीत आणि एमआरआयमध्येही दिसत नाहीत.

रक्तात एएमएच ही तपासणी बीजांच्या साठ्याचा अंदाज देते. बीजकोशावर ऑपरेशन होणार असेल तर ती ऑपरेशनच्या आधी झालीच पाहिजे.

नळ्यांसाठी एचएसजी, म्हणजे औषध सोडून काढलेला एक्स-रे. पाळीच्या सातव्या ते दहाव्या दिवसात, रक्तस्राव थांबल्यावर. तासभर आधी दुखण्याची गोळी घेतली तर सोपं जातं. दुखण्यानं नळीचं तोंड आवळलं गेलं तर उघडी नळीही बंद दिसते, म्हणून एका एचएसजीवर ‘नळ्या बंद’ हा शिक्का शेवटचा मानू नका. चालू संसर्ग किंवा टीबीची दाट शंका असेल तर एचएसजी आधी करत नाहीत.

टीबीसाठी गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा पाळीच्या आधीच्या आठवड्यात घेतात. इथे एका छोट्या गोष्टीवर सगळं अवलंबून असतं. तुकड्याचा एक भाग फॉर्मालिनमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीला जातो आणि दुसरा भाग सलाइनच्या बाटलीत सीबीनॅट (टीबीच्या जंतूंची जनुकीय तपासणी) व कल्चरला (जंतू वाढवून बघण्याला). सगळा तुकडा फॉर्मालिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि कल्चर होऊच शकत नाही. ‘दोन बाटल्या पाठवणार ना?’ एवढं विचारून घ्या. जंतू मोजके असल्यानं सीबीनॅट निगेटिव्ह येऊ शकतं. तसंच नुसतं पीसीआर (जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी) पॉझिटिव्ह आलं, बाकी काही नाही, एवढ्यावर सहा महिन्यांची औषधं सुरू करणंही योग्य नाही. टीबीसाठी रक्तातल्या अँटिबॉडी तपासण्यांवर भारत सरकारनं २०१२ मध्ये बंदी घातली आहे. कुणी ती लिहून दिली तर करू नका.

पैसे वाचवण्यासारख्या आणखी दोन जागा: एंडोमेट्रिओसिसच्या निदानासाठी सीए-१२५ ही रक्ततपासणी, आणि दिवस राहत नाहीत म्हणून टॉर्च पॅनेल (काही संसर्गांची रक्ततपासणी). दोन्हींतून निर्णय बदलत नाही.

मूल आत्ता हवं की नंतर: इथून रस्ते वेगळे होतात

समजा एंडोमेट्रिओसिस निघाला. मूल आत्ता नको असेल तर गर्भनिरोधक हार्मोनच्या गोळ्या, डायेनोजेस्ट (आणखी एक हार्मोनचं औषध), किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन यांनी दुखणं छान आटोक्यात येतं. त्यासाठी आधी दुर्बीण घालून खात्री करायलाच हवी असंही आता मानत नाहीत. ही औषधं घेतल्यानं पुढे वंध्यत्व येत नाही.

पण मूल आत्ता हवं असेल तर याच औषधांचा काही फायदा नाही. ती चालू असेपर्यंत दिवस राहत नाहीत आणि बंद केल्यावर राहण्याची शक्यता वाढतही नाही. ऑपरेशननंतर ‘आधी सहा महिने हार्मोनची इंजेक्शनं, मग प्रयत्न’ असा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. एश्रेची २०२२ ची मार्गदर्शिका सांगते की फक्त गर्भधारणेची शक्यता वाढावी म्हणून अशी औषधं देऊ नयेत. ३६ वर्षांच्या बाईचे ते सहा महिने फार मोलाचे असतात. दुखणं अजिबात सहन होत नसेल किंवा काही कारणानं प्रयत्न पुढे ढकलायचे असतील तर गोष्ट वेगळी.

आजार सौम्य असेल, वय कमी असेल, नळ्या उघड्या असतील आणि वीर्य ठीक असेल तर दुर्बिणीतून ठिपके काढून आपसूक प्रयत्न करणं किंवा बीज वाढवायच्या औषधांबरोबर आययूआय, हे पर्याय आहेत. वय जास्त, साठा कमी किंवा नळ्या खराब असतील तर आयव्हीएफकडे (टेस्ट ट्यूब बेबीकडे) लवकर वळणं शहाणपणाचं. आयव्हीएफच्या आधी चॉकलेट सिस्ट काढलीच पाहिजे असं नाही. सिस्टबरोबर निरोगी बीजंही निघून जातात, आणि त्यानं आयव्हीएफचं यश वाढत नाही.

नळी पाण्यानं फुगलेली असेल तर मात्र उलट. ती काढून किंवा गर्भाशयाजवळ बंद करून मगच आयव्हीएफ करावं, कारण तिच्यातलं पाणी गर्भाशयात उतरून यश जवळजवळ निम्म्यावर आणतं. मूल हवं म्हणून आलेल्या बाईला नळी काढा सांगितलं की धक्का बसतो. पण ती नळी काम करत नसते, उलट नुकसान करत असते.

टीबी निघाला तर औषधं साधारण सहा महिने, सरकारी कार्यक्रमातून मोफत. नोंदणी झालेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिना १,००० रुपये मिळतात. यातल्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ होऊ शकतात, म्हणून उपचार संपेपर्यंत निरोध वापरा. आजार बरा होतो, पण आत झालेली खराबी भरून येतेच असं नाही. अस्तर चांगलं राहिलं असेल तर आयव्हीएफनं मूल होऊ शकतं. गोव्यात बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमध्ये २०२३ पासून आयव्हीएफ मोफत आहे. खासगी केंद्र निवडताना २०२१ च्या एआरटी (सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान) कायद्याखाली नोंदणी आहे का, ते बघा.

दुर्बिणीचं ऑपरेशन ठरलं तर

पहिलं ऑपरेशन सर्वात जास्त उपयोगी पडतं, दुसऱ्या-तिसऱ्याचा फायदा घटत जातो आणि बीजांचा साठाही. म्हणून ‘एकदा आत बघून घेऊ, मग ठरवू’ या बोलीवर तयार होऊ नका. जे सापडेल ते त्याच वेळी काढता येणाऱ्या डॉक्टरांकडे जा. आधी विचारा: औषध सोडून नळ्या त्याच वेळी तपासणार का? तुकडा तपासणीला आणि टीबीसाठी जाणार का? आतड्यावर आजार निघाला तर सर्जन बरोबर असतील का? सिस्ट दोन्ही बाजूंना असेल तर आधी बीज गोठवून ठेवायचं का? ऑपरेशननंतर फोटो किंवा व्हिडिओ आणि सविस्तर टिपण मागून घ्या. पुढचा डॉक्टर ते बघून ठरवू शकतो, नाहीतर पुन्हा दुर्बीण.

‘पिशवी काढून टाका’ म्हणाले तर

मराठवाड्यात हे वाक्य बायांनी पिढ्यानपिढ्या ऐकलंय. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला तेव्हा आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. पांढरं जाणं, कंबरदुखी, ओटीपोटातलं दुखणं अशा तक्रारींवर, ज्यांच्यासाठी औषधं होती. त्या बाया पाचटाच्या कोपीत राहतात, संडास नाही, पाळीत एक दिवस सुट्टी घेतली तरी मुकादम दंड लावतो. त्यांचं दुखणं काढायला पिशवी नाही, पाणी, आडोसा आणि सुट्टी लागते.

दुखण्यासाठी पिशवी काढायचा सल्ला मिळाला तर सरकारी मेडिकल कॉलेजात दुसरं मत घ्या. कॅन्सरची भीती घातली असेल तर तुकड्याचा रिपोर्ट मागा. एंडोमेट्रिओसिस गर्भाशयाबाहेर असतो, त्यामुळे नुसती पिशवी काढून दुखणं जाईल याची खात्री नाही. स्नायूंचं किंवा आतड्याचं दुखणं तर जाणारच नाही. आणि मूल हवं असेल तर ते दार कायमचं बंद होतं.

प्रयत्न चालू असताना दुखण्याचं काय

पाळीच्या दिवसांत मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रोक्सेन घेता येतं. कळ चढेपर्यंत थांबू नका. दुखू लागताच जेवणानंतर पहिली गोळी, आणि पुढचे दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी. अल्सर, किडनीचा त्रास किंवा दमा असेल तर डॉक्टरांना विचारून. मेफेनॅमिक अॅसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगानं नोव्हेंबर २०२३ मध्ये इशारा दिला होता: ताप आणि अंगभर पुरळ आलं तर गोळी बंद करून लगेच दाखवा. दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्यांनी महिन्याच्या मधल्या दिवसांत या गोळ्या टाळाव्यात, कारण त्यांनी बीज फुटायला अडथळा येऊ शकतो. तेव्हा पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी.

वर्षानुवर्षं दुखत राहिलं की तळाचे स्नायू कायम आवळलेले राहतात आणि मज्जासंस्था थोड्याशा संवेदनेलाही दुखणं म्हणू लागते. मग आजार काढल्यावरही दुखतं. ते ‘मनाचं’ नसतं. या स्नायूंचं प्रशिक्षण असलेल्या फिजिओथेरपिस्टकडून सैल करण्याचे व्यायाम शिका. बघून-ऐकून केगेल (तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम) सुरू करू नका, आधीच ताठ असलेले स्नायू त्यानं आणखी आवळतात. घरी रोज दहा मिनिटं, उताणं पडून गुडघे छातीकडे घ्यायचे आणि श्वास पोटाच्या तळापर्यंत जाऊ द्यायचा.

संबंध दुखत असतील तर नवऱ्याला ते स्पष्ट सांगा. पाळीच्या जवळचे दिवस टाळा, खोली बाईच्या ताब्यात राहील अशी स्थिती निवडा. बीज सुटायच्या आधीच्या चार-पाच दिवसांत एक दिवसाआड पुरे. वंगण वापरायचं तर शुक्राणूंना अपाय न करणारं, दुकानात तसं विचारून.

पाळी चुकली की

नळ्यांचा संसर्ग, टीबी, एंडोमेट्रिओसिस किंवा नळ्यांवरचं ऑपरेशन झालेल्या बाईत गर्भ नळीत राहण्याचा धोका जास्त असतो. त्यामुळे घरच्या पट्टीवर दोन रेघा आल्या की पेढे वाटायच्या आधी डॉक्टरांना फोन करा. सहाव्या आठवड्याच्या सुमारास योनिमार्गातून सोनोग्राफी करून गर्भ गर्भाशयातच आहे ना, ते बघून घ्यायचं. त्याआधी एका बाजूला दुखलं किंवा डाग पडले तर तारखेची वाट न बघता, बीटा एचसीजीची (गरोदरपणाच्या हार्मोनची) रक्ततपासणी ४८ तासांच्या अंतरानं दोनदा. जुनी वही आणि ऑपरेशनचं टिपण त्या दिवशी बरोबर न्या.